नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी

मनू, काल रात्री तू फोनवर सांगितलंस ते ऐकून मला आधी हसू आलं आणि मग रागही. "ईजीआर गेलाय, नवा टाकावा लागेल" म्हणत गॅरेजवाल्याने पाच आकडी एस्टिमेट पुढे ठेवलं आणि ते समजावताना सगळा वेळ तो निखिलच्या तोंडाकडे बघत होता! गाडी तुझी, कर्जाचा हप्ता तुझ्या पगारातून, रोज कोथरूड-डेक्कन चालवतेस तू. निखिलला वायपरचं पाणी कुठे भरतात ते अजून विचारावं लागतं. (हे त्याला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, मला काय!)

फोनवर हे सगळं सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुला मेकॅनिक व्हायचं नाहीये, मला माहितेय. पण नवा व्हॉल्व्ह खरंच हवाय का, एवढं तू रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात स्वतः बघू शकतेस. मी दरवर्षी डिप्लोमाच्या पोरापोरींना हेच शिकवते, आणि खरं सांगू? पहिल्यांदा बॉनेट उघडताना मुलगेही तेवढेच घाबरलेले असतात. ते फक्त दाखवत नाहीत.

आधी एक सांग, त्याने तुला कोड दिला का? "स्कॅनर लावला, ईजीआर दाखवतोय" एवढंच म्हणाला ना? इथेच गोम आहे. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक कोड नोंदलेला असतो. ईजीआरचे कोड साधारण पी ०४०० पासून पुढे असतात. पी ०४०१ म्हणजे जेवढा धूर परत यायला हवा तेवढा येत नाही. पी ०४०२ म्हणजे हवा त्यापेक्षा जास्त येतोय. पी ०४०३ म्हणजे वायरिंगची भानगड. ०४०५ आणि ०४०६ हे व्हॉल्व्हची जागा सांगणाऱ्या सेन्सरचे. यातला एकही कोड "व्हॉल्व्ह बदला" असं म्हणत नाही. कॉम्प्युटर फक्त तक्रार नोंदवतो. तक्रारीचं कारण व्हॉल्व्हमध्ये असेल, पाइपात असेल, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या सेन्सरमध्ये. तपास माणसानेच करायचा असतो आणि तो करायला वेळ लागतो. पार्ट बदलायला कमी वेळ लागतो आणि बिल मोठं होतं. सगळे गॅरेजवाले लबाड असतात असं मी म्हणत नाही हं. पण दिवसाला दहा गाड्या अंगावर आलेल्या माणसाला सोपा रस्ता दिसतो, एवढंच.

आता हे प्रकरण आहे काय, ते थोडक्यात. ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही हिस्सा सायलेन्सरकडे न जाऊ देता, एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनाच्या श्वासात मिसळायचा. ऐकायला घाणेरडं वाटतं. पण आजी रात्री चुलीतल्या निखाऱ्यांवर राख पसरायची, आठवतं? एकदा जळून गेलेलं पुन्हा जळत नाही, ते फक्त आच मंद करतं. इथेही तेच. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमधलं तापमान साधारण चौदाशे अंश सेल्सियसच्या वर चढलं की तोही ऑक्सिजनशी सोयरीक करतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. आमच्या धंद्यात त्याला सरळ 'नॉक्स' म्हणतात. जळलेल्या धुरात ऑक्सिजन कमी आणि उष्णता पिऊन घेणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. तो मिसळला की ज्वालेचा कळस खाली येतो आणि नॉक्स कमी बनतो.

ही कल्पना उगाच कुणाच्या डोक्यात आलेली नाही. लॉस एंजेलिसवर पिवळट धुकं धरायचं, लोकांचे डोळे चुरचुरायचे. आरी हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमाराला दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि हा नॉक्स उन्हात एकमेकांशी खेळून ओझोन तयार करतात. त्यातून पुढे नियम आले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी गाड्यांत ईजीआर दिसू लागला. आपल्याकडचं बघायचं तर तुझी २०१४ ची डिझेल गाडी बीएस-फोर आहे, तिला किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि डिझेल कारची मर्यादा ८० वर आली. म्हणजे नव्या गाड्यांत ईजीआरवरचा भार वाढलाच आहे.

मग हा व्हॉल्व्ह का बिघडतो? तर तू जशी गाडी चालवतेस तशी चालवल्यामुळे. रागावू नकोस, पुण्यात सगळ्यांचं तेच आहे. कर्वे रोडवर पाच किलोमीटर, दर चौकात सिग्नल, इंजिन नीट तापायच्या आत ऑफिस आलं. डिझेलच्या धुरात काजळी असते आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येत असते. दोन्ही इनटेकमध्ये भेटल्या की त्यांचा चिकट काळा लगदा होतो आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो. व्हॉल्व्ह मग पूर्ण मिटत नाही, नाहीतर पूर्ण उघडत नाही. महिन्यातून एकदा एक्स्प्रेस-वेला गाडी मोकळी पळवली तर लगदा नव्याने धरायचं प्रमाण कमी होतं. पण आधीच दगड होऊन बसलेला कार्बन त्याने निघतो हे जे कुणी कुणी सांगतं, त्यावर माझा विश्वास नाही.

तुझी लक्षणं मी लिहून ठेवली आहेत. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, फ्लायओव्हर चढताना ओढत नाही, आणि मागच्या रिक्षावाल्याने "ताई, काळा धूर मारतीय गाडी" म्हणून सांगितलं. माझा अंदाज, व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. चढावर इंजिनाला भरपूर ताजी हवा हवी असते, तेव्हा हा बंद व्हायला पाहिजे. तो बंद झाला नाही की हवेच्या जागी धूरच आत जातो, डिझेल पुरतं जळत नाही, आणि पिकअप जाऊन काळा धूर येतो. उलट व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असता तर तुला चालवताना फारसं काही कळलंच नसतं, फक्त दिवा लागला असता. पेट्रोल गाडीत मात्र अशा वेळी चढावर खडखड असं नॉकिंग ऐकू येतं. पण माझा अंदाज गेला चुलीत, तू तपासून बघ.

रविवारी गाडी बेसमेंटमधून बाहेर काढ. हे मी आईच्या सुरात सांगतेय असं समज. इंजिन चालू ठेवून तपासायचं आहे आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि मागच्या चाकाला दगड. ओढणी नको, केस बांध, बांगड्या आणि मंगळसूत्र काढून पर्समध्ये. पट्टा फिरत असतो, आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो. धातूचा दागिना बॅटरीच्या दोन टोकांना टेकला तर काय होतं ते मी लॅबमध्ये बघितलंय, तुला बघायला नको.

पहिली दहा मिनिटं फक्त डोळ्यांनी बघ. धूर नेणारा एक लोखंडी पाइप असतो, बहुतेक वेळा घडीघडीचा, कंगोरे असलेला. तो एक्झॉस्टच्या बाजूने निघून इनटेककडे जातो. त्याच्या वाटेवर जे कपलर लावलेलं, मुठीएवढं ओतीव धूड असतं, तो ईजीआर व्हॉल्व्ह. सापडला नाही तर मला फोटो पाठव. जोडाभोवती काजळीची काळी पिचकारी उडालेली दिसते का? म्हणजे पॅकिंग फुटलंय. मग एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत आणि पुढे इंटरकूलरपर्यंत जाणारे रबरी होज हाताने चाचपून बघ, इंजिन गार असताना. चिरलेत का, क्लिप ढिली आहे का, तेलाने ओले झालेत का. आणि वायरी बघ गं. आपल्या सोसायट्यांत पार्किंगमध्ये उंदरांचा सुळसुळाट आहे, आणि कितीतरी "सेन्सर गेला" म्हणून आलेल्या गाड्यांत शेवटी कुरतडलेली वायरच सापडते. एअर फिल्टरही काढून बघ. तो चोंदलेला असेल तर काळा धूर येतोच, त्यात ईजीआरचा काही दोष नाही.

आता खरी गंमत. ब्लूटूथवाला ओबीडी ॲडॅप्टर मागव, काही शे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा छिद्रांचा सॉकेट असतो, त्यात तो बसतो आणि मोबाइलवरच्या ॲपशी बोलतो. आधी कोड वाच आणि त्याचा स्क्रीनशॉट काढ. लगेच पुसून टाकू नकोस. पुसलास की कोड कुठल्या परिस्थितीत लागला ती माहितीही जाते.

मग लाइव्ह डेटामध्ये 'मास एअर फ्लो' शोध. दर सेकंदाला इंजिन किती ग्रॅम ताजी हवा ओढतंय ते हा आकडा सांगतो. ईजीआर तपासायला मला यापेक्षा सुंदर साधन माहीत नाही. कारण साधं आहे. सिलिंडरची जागा ठरलेली. ती धुराने जेवढी भरली, तेवढी ताजी हवा कमी आत आली. तुझं इंजिन १२४८ सीसीचं, दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण भरतं. आयडलला मिनिटाला ८५० फेऱ्या धर, म्हणजे ४२५ वेळा सव्वा लिटर, सुमारे ५३० लिटर मिनिटाला, सेकंदाला पावणेनऊ लिटर. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे लिटरभर हवेचं वजन १.१ ग्रॅमच्या आसपास. इंजिन काही शंभर टक्के भरत नाही, पंचाऐंशी-नव्वद टक्के धरू. सगळा गुणाकार केला की सेकंदाला आठ-साडेआठ ग्रॅम येतात. ईजीआर पूर्ण बंद असताना तुझ्या मोबाइलवर आयडलला साधारण हाच आकडा दिसायला हवा. व्हॉल्व्ह उघडा असेल तर तो चांगलाच खाली, पाच-सहापर्यंत, जाईल. शाळेत तू विचारायचीस ना, या गणितांचा आयुष्यात उपयोग काय? घे.

करायचं असं. गाडी आधी एक फेरी मारून आण, कूलंटचं तापमान ऐंशीच्या वर गेलं पाहिजे. गार इंजिनात कॉम्प्युटर ईजीआर वापरायलाच नाखूश असतो. एसी बंद, दिवे बंद. आयडलला हवेचा आकडा लिहून घे. ॲपमध्ये 'कमांडेड ईजीआर' दिसत असेल तर तोही टिप, म्हणजे कॉम्प्युटरने व्हॉल्व्हला किती उघडायला सांगितलंय ते कळेल. सगळ्या गाड्या हा आकडा दाखवत नाहीत, नसला तरी अडत नाही. आता इंजिन बंद कर, किल्ली काढ, दोन मिनिटं थांब, आणि व्हॉल्व्हचा कपलर त्याची कडी दाबून अलगद काढ. ओढायचं ते कपलरला, वायरला नाही, आणि तिथलं लोखंड तापलेलं असतं म्हणून हातमोजे घाल. वीज तुटली की व्हॉल्व्हने आतल्या स्प्रिंगने स्वतःच बंद व्हायला हवं. पुन्हा इंजिन चालू कर आणि तोच आकडा बघ. दिवा लागेल, वायर काढल्याचा नवीन कोडही येईल. तो आपणच आणलाय, नंतर पुसू.

कपलर लावलेला असताना पाच-सहा आणि काढल्यावर आठच्या वर गेला, तर व्हॉल्व्ह हलतोय आणि मार्गही मोकळा आहे. नव्या व्हॉल्व्हचे पैसे देऊ नकोस, दुखणं दुसरीकडे आहे. दोन्ही वेळा आठच्या वरच राहिला, तर धूर येतच नाहीये. व्हॉल्व्ह बंद अडकलाय किंवा वाट कार्बनने बुजलीय, आणि तुझा कोड बहुधा पी ०४०१ असेल. दोन्ही वेळा खालीच राहिला, तर व्हॉल्व्ह मिटत नाहीये. पण इथे एक फाटा आहे बघ, आणि बरेच जण तिथेच चुकतात. हवा मोजणारा सेन्सर स्वतः मळलेला असेल, किंवा त्याच्या पुढे टर्बोपर्यंतचा होज चिरलेला असेल, तरी आकडा कमीच दिसतो. कॉम्प्युटरला वाटतं धूर जास्त आला, आणि तो बिचाऱ्या ईजीआरच्या नावाने बोंब मारतो. म्हणून ते होज मी आधी चाचपायला लावले. सेन्सरसाठी वेगळा स्प्रे मिळतो, त्याच्या तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही, लांबून स्प्रे मारून वाळू द्यायचं. मग पुन्हा आकडा घे.

आणखी एक. तू आकडे बघत बसलीस आणि काही मिनिटांनी हवा आपोआप पाच-सहावरून आठवर उडाली, तर घाबरू नकोस. बऱ्याच डिझेल गाड्यांत इंजिन लांबलचक आयडलवर राहिलं की कॉम्प्युटर स्वतःच ईजीआर बंद करतो. अशी उडी दिसली म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. किंचित रेस देऊन सोड, बहुधा तो पुन्हा उघडेल. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही दोन-चार सेकंद बारीक गुरगुर ऐकू येते, व्हॉल्व्ह स्वतःची साफसफाई करायला उघड-मीट करत असतो. कान दे.

बाबांच्या जुन्या गाडीचं तंत्र वेगळं आहे, तेही सांगून ठेवते, म्हणजे गावी गेलीस की त्यांच्यासमोर भाव खाता येईल. तिथे व्हॉल्व्ह विजेवर नाही, व्हॅक्यूमवर चालतो. वर पत्र्याची डबीसारखी टोपी आणि तिला एक बारीक रबरी नळी. नळी काढून तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लावायचा आणि पाऱ्याच्या पंधरा इंचांच्या आसपास निर्वात ओढायचा. पंप नसला तर सुई काढलेली मोठी सिरिंजही वेळ मारून नेते. तोंडाने मात्र ओढायचं नाही, मी असे महाभाग बघितले आहेत. काटा अर्धा मिनिट स्थिर राहिला पाहिजे. हळूहळू पडला तर आतला पडदा फाटलाय. बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांत आयडलला असा व्हॉल्व्ह उघडला की इंजिन अडखळतं किंवा बंदच पडतं, आणि ते बंद पडणं ही चांगली खूण समजायची. डिझेलकडे आयडलला हवा मुबलक असते, ते सहसा बंद पडत नाही. आवाज जरा दबतो, थोडं खरखरीत होतं. पडदा हलला पण इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक नाही, तर वाट बुजलीय. आणि हे सगळं ठीक असेल तर ती रबरी नळीच दुमडून बघ, जुन्या गाड्यांत तीच कडक होऊन तडकलेली असते.

समजा तुझा व्हॉल्व्ह खरोखर चिकटलाय. मग साफ करायचा की बदलायचा? माझं मत, आधी साफ. कार्बन काढल्यावर जो नीट मिटतो त्याला फेकण्यात अर्थ नाही. ज्याचे आतले गिअर झिजलेत किंवा मोटर जळलीय तो कितीही साफ केला तरी उपयोग नाही, तो बदलावाच लागतो. स्वतः काढायचा धीर असेल तर इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, आणि प्रत्येक पायरीचा फोटो. कार्बन क्लीनरचा स्प्रे फक्त धुराच्या बाजूला, मोटरच्या आणि कपलरच्या बाजूला थेंबही नको. जुना टूथब्रश घे. झडप स्क्रू ड्रायव्हरने दामटून उघडू नकोस, आतले प्लास्टिकचे दात मोडतात. पॅकिंग नवीनच घालायचं. मास्क आणि हातमोजे हवेतच. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर देणाऱ्या गोष्टींत जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलाय, आणि ही त्याचीच काजळी. बाथरूममध्ये तर ते मुळीच धुवायला बसू नकोस, तुझ्या सासूबाई मला फोन करतील. पण खरं सांगायचं तर पहिल्या वेळी हे काम गॅरेजलाच दे. तपासणी तुझी, पाने त्यांचे.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नकोस. काही गाड्यांत धूर गार करायला ईजीआर कूलर असतो, त्यातून कूलंट फिरतं. कूलंटची पातळी उतरतेय, खाली थेंब कुठे नाही, आणि धूर पांढरा, गोडसर वासाचा येतोय, तर कूलर आतून गळत असू शकतो. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना एकामागून एक आगी लागल्या, त्याचं मूळ ईजीआर कूलरच्या गळतीत होतं. गळलेलं कूलंट आणि काजळी यांचा थर साचून तो पेटत होता. अशी शंका आली तर घरचे प्रयोग थांबव आणि गाडी थेट दाखव.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबण लावलंय ते. तो गॅरेजवाला तुला हळूच म्हणेल, कदाचित म्हणालाही असेल, "मॅडम, कशाला खर्च करता, ईजीआर बंदच करून टाकू." म्हणजे वाटेत एक पत्र्याची चकती बसवायची आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलून दिवा लागणार नाही असं करायचं. तो खोटं बोलत नसतो हं. पिकअप खरंच सुधारतो, काळा धूर खरंच कमी होतो, इनटेक स्वच्छ राहतं. आणि पीयूसीला गाडी आणखी आरामात पास होते, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा गडदपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. म्हणजे जे वाढलंय ते कुणाला दिसत नाही आणि यंत्र पकडत नाही. फोक्सवॅगनचं २०१५ चं प्रकरण तुला आठवत असेल. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता नॉक्स आवरायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायचा, असं त्यांचं सॉफ्टवेअर होतं. आपल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये त्यावरून ५०० कोटींचा दंड सांगितला. जे त्यांनी लपूनछपून केलं ते आपण गल्लीत पैसे मोजून करवून घ्यायचं?

कायद्यानेही ते बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. पकडतं कोण, म्हणशील. बरोबर, सहसा कुणी पकडत नाही. पण तुझ्या मजल्यावरच्या त्या दोन लहान पोरींना हिवाळ्यात नेब्युलायझर लागतं, हे तूच मला सांगितलंस. नायट्रोजन डायऑक्साइड आधी अशाच श्वासनळ्यांना छळतो. मला यावर प्रवचन द्यायचं नाही, तू नाही म्हणशील एवढं मला माहितेय. फक्त त्याच्या "सगळेच करतात" ला गप्प बसू नकोस.

गॅरेजमध्ये जाशील तेव्हा लांबण लावू नकोस. "कोड हा आहे, कपलर लावून हवा एवढी, काढून एवढी, होज आणि एअर फिल्टर बघितलेत. व्हॉल्व्ह काढून साफ करा, आणि साफ करूनही मिटत नसेल तर मला बोलावून दाखवा." एवढं बोल. स्कॅनरवरून नव्याने व्हॉल्व्हची जागा शिकवावी लागते का, तेही विचार. काही गाड्यांत ते केलं नाही तर साफ केलेला व्हॉल्व्हही पुन्हा कोड देतो. एस्टिमेटमध्ये लेबर, पॅकिंग आणि पार्ट वेगवेगळे लिहून घे. आणि नवा टाकलाच तर जुना पिशवीत घालून परत माग, तो तुझा आहे. परत मिळणार म्हटल्यावर चांगला व्हॉल्व्ह 'खराब' ठरवताना माणूस दोनदा विचार करतो.

काम झाल्यावर कोड पुसून दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालव, मग पुन्हा वाच. रविवारचे आकडे मात्र मला पाठव, कपलर लावून आणि काढून, दोन्ही, सोबत इंजिनचं तापमान. स्क्रीनशॉटच पाठव. "पाच-सहा असं काहीतरी होतं" हे मी पोरांकडून ऐकून घेत नाही, तुझ्याकडून तर मुळीच नाही. आणि दुपारी बारानंतर पाठव, सकाळी मी पेपर तपासत असेन.